टॉफीची डुकडुक

मँचेस्टरला शिकत होते तेव्हा माझ्या रूममेटकडे टॉफी नावाची फेरेट होती. लांबट, मुंगसासारखी दिसणारी, पण मुंगसापेक्षा पाणमांजराच्या जवळची नातलग. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी तिने पाठीची कमान केली, शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुलवली आणि तोंड उघडं ठेवून, आडव्या-तिडव्या उड्या मारत थेट माझ्या अंगावर आली. मी घाबरून चप्पल भिरकावली. ती कर्कश किंचाळली आणि सोफ्याखाली गडप झाली. रूममेटने मला शांतपणे सांगितलं, ती तुला खेळायला बोलावत होती.

लाज वाटली म्हणून वाचायला बसले, आणि पोहोचले थेट रोमन काळात. बेलेआरिक बेटांवर सशांनी इतका उच्छाद मांडला होता की लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे चक्क सैन्याची मदत मागितली, असं प्लिनी सांगतो. सशांवरचा दुसरा उपाय म्हणजे 'विवेरा'. हा प्राणी बिळात सोडायचा आणि घाबरून बाहेर पळणारा ससा वर धरायचा. बहुतेक अभ्यासक या विवेराला फेरेटच मानतात. (गंमत म्हणजे पुढे लिनियसने हे नाव जवादी मांजराला देऊन टाकलं, आणि फेरेटच्या वाट्याला आलं 'फुरो', म्हणजे चोर.) स्ट्राबो तर आणखी एक बारकावा देतो: बिळात सोडण्याआधी त्याचं तोंड बांधत. कारण उघड आहे. फेरेटने ससा आतच मारला, तर ती तिथेच पोट भरून ताणून देणार, आणि मालक बाहेर ताटकळत बसणार. टॉफीची झोप मी पाहिली आहे. उचलली तरी ओल्या फडक्यासारखी लोंबकळायची, मेली की काय असं वाटायचं.

फेरेट ही गरिबाच्या घरी मटण आणणारी होती, म्हणून सत्तेला ती खुपली. इंग्लंडमध्ये 1390 च्या कायद्याने वर्षाला 40 शिलिंग उत्पन्नाची जमीन नसलेल्या माणसाला शिकारीसाठी फेरेट वापरायला बंदी केली. राजाला टॉफीची भीती!

तिचे आवाज मात्र मला हळूहळूच कळले. एरवी ती मुकी. खेळात आली किंवा नवीन पिशवीत डोकं घातलं की खुडूक कोंबडीसारखी हलकी 'डुक-डुक-डुक' सुरू. इंग्रजीतही त्याला 'डुक'च म्हणतात. फिस्कारणं म्हणजे वैताग किंवा भीती. पण खेळात हरतानाही ती फिस्कारते, म्हणून नुसत्या आवाजावर जाऊ नये, अंग बघावं. कोपऱ्यात मागे सरकत फिस्कारली तर हात लावू नका. किंचाळी म्हणजे वेदना किंवा मोठी दहशत. ती मी ऐकली, माझ्यामुळेच.

त्या आडव्या उड्या फेरेटच्या रानटी पूर्वजांची, म्हणजे पोलकॅटची पिल्लंही मारतात. पण पोलकॅट मोठा झाला की एकटा राहतो. फेरेट मात्र म्हातारी होईपर्यंत खेळायला कोणीतरी शोधत राहते. दोन हजार वर्षं माणसाने जवळ ठेवल्याचा हा परिणाम असावा, असं मला वाटतं.

टॉफी दोन दिवस माझ्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही. तिसऱ्या रात्री अभ्यास करताना सोफ्याखालून डुकडुक ऐकू आली. वाकून पाहिलं. तिथे तीन मोजे, किल्ल्यांचा जुडगा, अर्धं बिस्किट होतं, आणि टॉफी माझी तीच चप्पल दातांत धरून मागे मागे ओढत होती.