टाकीच्या तळाशी

बरेच दिवस इथे काही लिहिणं झालं नाही. सध्या लेकाकडे आले आहे, अमेरिकेत, मेरीलँडला. चेसापीकचा उपसागर घरापासून जवळ. तीन वर्षांपूर्वी त्याने एक जुनी शिडाची बोट घेतली, १९७८ सालची. "आई, स्वस्तात मिळाली," असं तेव्हा फोनवर म्हणाला होता. स्वस्तात का मिळाली ते यंदा कळलं.

गेल्या उन्हाळ्यात तो आणि माझी नात बोटीने फिरून परत येत होते. वारा वाढला, लाटा उसळायला लागल्या. बंदरात शिरायची वाट अरुंद, म्हणून शिडं उतरवून त्याने इंजिन चालू केलं आणि नेमकं वाटेच्या तोंडाशी ते बंद पडलं. पाणी उथळ होतं म्हणून नांगर टाकता आला. दोन तासांनी दुसऱ्या बोटीने ओढून आणलं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. इथे आल्यावर नात बोलून गेली.

इंजिनात काही बिघाड नव्हता. बिघडली होती ती टाकी.

शिडाच्या बोटीत डिझेलची टाकी कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. पण बंदरात शिरताना, किंवा वारा पडल्यावर, इंजिन लागतंच. आधी अशा बोटींत पेट्रोलची इंजिनं होती. पेट्रोलची वाफ बोटीच्या तळाशी साठून स्फोट व्हायची भीती असे. दुसऱ्या महायुद्धानंतर लहान डिझेल इंजिनं मिळू लागली तशी ती भीती कमी झाली. टाकी मात्र दुर्लक्षितच राहिली. कित्येक जुन्या बोटींत आधी टाकी बसवायची आणि मग तिच्यावर वरची बांधणी करायची, अशी पद्धत. त्यामुळे कापाकापी केल्याशिवाय ती बाहेर निघत नाही. आमच्या टाकीचा तळ बहुधा चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कोणी पाहिलेला नव्हता.

लेकाने आधी पंपाने डिझेल उपसलं, मग टाकीच्या माथ्यावर हातभर भोक पाडलं. मी विजेरी धरून उभी. वास म्हणाल तर डोकं धरेल असा, म्हणून सगळी झाकणं उघडी ठेवून पंखा लावला होता. तळाशी दोन बोटं जाडीचा काळा गाळ होता, काजळीत शिजवलेल्या खळीसारखा.

हा गाळ कुठून येतो तेही त्याने समजावलं. अर्धी रिकामी टाकी रात्री थार पडली की बाहेरची दमट हवा आत ओढते. त्या हवेतलं पाणी भिंतींवर धरतं आणि खाली उतरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. जिथे पाणी आणि डिझेल एकमेकांना भेटतात तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात, आणि चक्क डिझेल खातात! विमानांच्या टाक्यांतही याच बुरशीने उच्छाद मांडला होता, आणि विमानाचं इंधन म्हणजे मुख्यतः आपलं रॉकेलच.

शांत पाण्यात हा गाळ निमूट बसून असतो. बोट हेलकावे खायला लागली की तो ढवळून निघतो, गाळणी चोंदते आणि इंजिनाला डिझेल मिळेनासं होतं. म्हणजे ज्या दिवशी इंजिनाची खरी गरज, नेमकं त्याच दिवशी ते दगा देतं.

टाकीत आडव्या पडद्या असतात, डिझेल हिंदकळू नये म्हणून. त्यांच्या पलीकडे हात पोचेना. प्रत्येक कप्प्याला वेगळं भोक पाडावं लागलं. खरवडायचं, पुसायचं, थोडं स्वच्छ डिझेल घालून धुवायचं, पुन्हा उपसायचं. दोन दिवस गेले. घाण डिझेल बरण्यांत भरून ते जमा करायच्या ठिकाणी नेऊन दिलं.

हे चाललेलं असताना मला सासूबाई आठवत होत्या. रेशनचं रॉकेल आलं की नरसाळ्यावर फडकं घालून त्या ते गाळून घेत, आणि डब्यातलं शेवटचं पेलाभर रॉकेल स्टोव्हात कधी घालू देत नसत. "त्यात पाणी असतं गं, स्टोव्ह भडकेल," म्हणायच्या. शाळेची घाई असताना बर्नर चोंदला की पिन मारता मारता जीव मेटाकुटीला यायचा, तेव्हा त्यांचं म्हणणं पटायचं.

आणि स्टोव्हवरून मला एकदम कॅप्टन स्कॉट आठवला.

मी जवळजवळ तीस वर्षं इतिहास शिकवला. दक्षिण ध्रुवाची गोष्ट माझी आवडती. नॉर्वेचा आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोचला, इंग्लंडचा स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी. परतीच्या वाटेवर स्कॉट आणि त्याचे चारही सोबती गेले. शेवटचे तिघे तंबूत वादळात अडकले होते आणि अन्नाचा मोठा साठा तिथून अवघा सुमारे २० किलोमीटर दूर होता. मी हे सांगायला लागले की वर्ग चिडीचूप व्हायचा. "निसर्गापुढे माणसाचं काही चालत नाही," असं म्हणून मी खडू खाली ठेवायची.

निवृत्तीनंतर अधिक वाचलं तेव्हा कळलं की मी गोष्टीतला एक भाग सोडूनच देत होते. वाटेवरच्या साठ्यांमध्ये स्कॉटने रॉकेलचे डबे ठेवले होते. फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चच्या सुरुवातीला ते तिथे पोचले तेव्हा डब्यांत रॉकेल कमी भरलं. झाकणाखालची चामड्याची चकती थंडीने आक्रसली होती आणि रॉकेल हळूहळू उडून गेलं होतं. तिथे रॉकेल म्हणजे नुसता स्वयंपाक नव्हे. बर्फ वितळवल्याशिवाय प्यायला घोटभर पाणी मिळत नाही. आमुंडसेनने आपले डबे झाळून बंद केले होते.

स्कॉट केवळ त्या चकतीमुळे गेला असं मी म्हणणार नाही. त्या वर्षीची भयंकर थंडी, उपासमार, थकवा, सगळंच होतं. पण चामड्याची चकती हा काही निसर्गाचा कोप नव्हता. ती आधी तपासता आली असती.

आमुंडसेनचं जहाज 'फ्राम' तर या विषयात चपखल बसतं. १८९२ मधलं शिडाचं जहाज. १९१० मध्ये त्यातलं वाफेचं इंजिन काढून डिझेल इंजिन बसवलं. आज ते ऑस्लोच्या संग्रहालयात आहे.

आणखी एक बोट आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानी 'सुहैली'. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून १४ जून १९६८ रोजी इंग्लंडहून एकटा निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी परतला. असं करणारा तो पहिला. वाटेत त्याच्या पिण्याच्या पाण्याच्या टाक्या नासल्या. पावसाचं पाणी धरून त्याने दिवस काढले. तो तरला, कारण मिळेल तो थेंब साठवायची शिस्त त्याच्याकडे होती.

असो. आमची टाकी आता स्वच्छ आहे. नवी गाळणी बसली, भोकांवर झाकणं आली, म्हणजे पुढच्या वेळी तळ सहज बघता येईल. बोट उभी करताना टाकी भरलेली ठेवायची, म्हणजे आत दमट हवेला जागाच राहत नाही, आणि गाळणीखाली जमलेलं पाणी दर वेळी सोडून द्यायचं, एवढं त्याने वहीत लिहून ठेवलं आहे. वही नातीच्या ताब्यात आहे, म्हणून मला भरवसा वाटतो.

माझे काही जुने विद्यार्थी हे पान वाचतात. त्यांना सांगायचंय, स्कॉटचा धडा मी तुम्हाला अर्धवट शिकवला. तुमच्या मुलांना सांगाल तेव्हा धैर्याबरोबर त्या चामड्याच्या चकतीचीही गोष्ट सांगा. बाईंनी एवढी एक दुरुस्ती पाठवली आहे म्हणावं.