दिनविशेष : ४ जुलै – पळवणकर बाळू यांचा स्मृतिदिन

भारतीय क्रिकेटचे पहिले थोर फिरकीपटू पळवणकर बाळू यांचे १९५५ साली आजच्या दिवशी निधन झाले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करता करता त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. तेव्हा संघ धर्मवार असत; हिंदू संघाला त्यांचे बळी हवे होते. पण चर्मकार समाजातले म्हणून चहा मात्र मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या पेल्यात! १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद नाहीच. १९२० मध्ये त्यांना डावलल्यावर विठ्ठल आणि शिवराम हे धाकटे भाऊ निषेध म्हणून संघाबाहेर पडले. हे धैर्य बाळूंच्या बळींइतकेच मोठे. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले.

खेळातला असा भेदभाव भारताबाहेरही होता. कॅनडाचे विली ओ'री १९५८ मध्ये नॅशनल हॉकी लीगमध्ये बर्फावर उतरलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. त्यांनाही प्रेक्षकांच्या वर्णद्वेषी शिव्या ऐकाव्या लागल्या.

आपल्याकडे शहापूर-मुरबाड भागात भातकापणी उरकली की मोकळ्या खाचरांत क्रिकेटचे डाव रंगतात. तिथल्या एखाद्या चषकाला यंदा बाळूंचे नाव द्यावे, आणि बक्षीस वाटताना त्यांची हकिगत मुलांना सांगावी.