ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया

पुण्यातील एम्प्रेस गार्डन सांभाळणारी उद्यानविद्या संस्था. बाग लष्कर भागात, रेसकोर्सलगत सुमारे ३९ एकरांवर आहे. खराडी उपनगरातून मुंढव्याचा पूल ओलांडून घोरपडीमार्गे तिथे जाता येते.

संस्था आपला प्रारंभ १८३० सालचा मानते. या नावाचे पहिले मोठे काम मुंबईत झाले. १८३५ मध्ये शिवडीला वनस्पतिउद्यानासाठी जमीन मिळाली. १८६१ मध्ये ते काम भायखळ्याकडे हलले आणि पुढच्याच वर्षी तिथली व्हिक्टोरिया गार्डन, म्हणजे राणीची बाग, खुली झाली. शिवडीच्या जागी पुढे ख्रिस्ती दफनभूमी आली. राणीची बाग १८७३ मध्ये मुंबईच्या पालिकेकडे गेली. पुण्यातली बाग मात्र आजही संस्थेच्याच हाती आहे, आणि हेच तिचे खरे वेगळेपण.

ही बाग मुळात छावणीतल्या शिपायांसाठी होती. तिला ‘सोल्जर्स गार्डन’ म्हणत. व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब घेतल्यावर बागेचे नाव ‘एम्प्रेस’ झाले. येथील गारंबीचा वेल वनस्पतिप्रेमींत प्रसिद्ध आहे. झाडाझाडांवरून चढत गेलेल्या या महावेलीचे खोडच वृक्षासारखे जाड दिसते. गारंबीच्या शेंगा मीटरभर लांब होतात. मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवायचे तर पाठ्यपुस्तकाआधी हा वेल दाखवावा.

प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरणारे पुष्पप्रदर्शन हा संस्थेचा सर्वांत लोकप्रिय उपक्रम. गुलाब, हंगामी फुले, बोन्साय, पुष्परचना, भाजीपाला असे विभाग त्यात असतात. व्यावसायिक रोपवाटिका आणि हौशी बागप्रेमी इथे एकाच मांडवाखाली येतात. मुलांची चित्रकला स्पर्धा बागेतच, झाडांखाली बसून होते. एरवी शाळांच्या सहली येतात, रोपविक्री चालते.

बागेच्या काही जागेवर सरकारी निवासस्थाने बांधण्याचा प्रस्ताव अलीकडे आला, तेव्हा पुणेकरांनी त्याला जाहीर विरोध केला. तो विरोध योग्यच होता. जुने वृक्ष तोडून दुसरीकडे रोपे लावल्याने त्यांची भरपाई होत नाही.

अशा हिरव्या जागेचे मोल खराडीसारख्या वाढत्या उपनगरात कळते. खराडी १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आली. त्यानंतर तिथल्या शेतांत आयटी पार्क आणि उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि आता तिथल्या रहिवाशांना बागेची हौस गॅलरीतल्या कुंड्यांवर भागवावी लागते. अशी हौस असलेल्या घरांनी जानेवारीतले प्रदर्शन चुकवू नये. आपल्या कुंडीतले चांगले फूल स्पर्धेतही मांडून पाहावे.