दादांच्या रांगेत

पायातले बूट इथंच सोडा. पुढं गुडघाभर चिखल आहे, आणि बूट पाहिले तर तुम्ही परगावचे हे लगेच कळेल. धोतराचा काचा घट्ट मारा, टोपी चढवा. चला, सांगलीला. 1943 चा जुलै.

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. गणपती पेठेत ओल्या गोणपाटाचा कुबट वास आणि त्यावर चढलेला हळदीचा उग्र दर्प. श्वास घेतला की घशात खवखवतं. घाटावर कृष्णा तांबडीलाल होऊन फुगलीय, मुळासकट बाभळी वाहून नेतेय. तेवढ्यात तुरुंगाच्या अंगानं बंदुकीचे बार. दुकानांच्या फळ्या धडाधड लागतात, कुणीतरी तुमचा दंड धरून तुम्हाला आडोशाला ओढतं. स्वातंत्र्याच्या लढ्यात पकडलेल्या पद्माळ्याच्या वसंत पाटलानं साथीदारांसह तुरुंग फोडला, ही बातमी गल्लीगल्लीतून पळते. पोरगा पंचविशीचा. खांद्यात गोळी लागून तो पुन्हा पकडला जातो. त्याचे साथीदार अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव जिवानिशी जातात. त्या रात्री सांगलीत कुणाच्या घशाखाली घास उतरला असेल असं मला वाटत नाही.

आता पुढं उडी मारा, पंधरा-वीस वर्षांची. कडाक्याची थंडी, पहाटेचा अंधार, आणि तुम्ही उसानं शिगोशीग भरलेल्या बैलगाडीवर. उसाची पाती मानेला कापतात. चाकांच्या लोखंडी धावा दगडावर खणखणतात. दूरवर कारखान्याचा भोंगा होतो आणि बैल आपसूक पाय उचलतात. त्यांनाही ठाऊक आहे, आता वाढं खायला मिळणार.

पण घाई करू नका. तुमच्या पुढं गाड्यांची रांगच रांग आहे. गाडीतळावर शेकोट्या पेटल्यात. चिपाडाचा धूर डोळ्यांत जातो, शेणमुताचा वास, त्यावर मळीचा आंबूस-गोड वास, आणि या सगळ्यातून उकळत्या रसाची एखादी गरम झुळूक अशी येते की पोटात भूक खवळते. तोडणीच्या टोळीतली एक बाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापतेय. तिचं तान्हं पोर उसाच्या मोळीला टेकवून झोपवलंय. तुमच्या हातावरही अर्धी भाकरी आणि ठेचा येतो. खा. डोळ्यांतून पाणी येईल, येऊ द्या.

शेजारचा गाडीवान वजनकाट्यावरून नजर हलवत नाही. त्याच्याकडं नीट बघा. आयुष्यभर त्यानं गुऱ्हाळात गूळ केला आणि अडत्यानं सांगितला तो भाव घेतला. आता समोर ज्याचं धुराडं धूर ओकतंय त्या कारखान्यात त्याचा शेअर आहे. काटा आपला आहे, गव्हाण आपली आहे, हे त्याला अजून पुरतं खरं वाटत नाही. म्हणून तो पुन्हा पुन्हा बघतो.

हा सहकारी कारखाना उभा करणारा माणूस तोच, खांद्यात गोळी झेललेला. 1952 पासून आमदार आहे, पण इथं त्याला आमदार कुणी म्हणत नाही. दादा. बस. बिलाचा हप्ता अडला, विहिरीचं पाणी आटलं, भावकीत बांधावरून जुंपली, की माणसं उठून दादांकडं जातात. सातवीपर्यंत शिकलेल्या या माणसाला ऊस, पाणी आणि माणूस हे तिन्ही विषय याच धुळीत पक्के झाले. विधानसभेनं त्यांना पदं दिली; त्यांचं राजकारण मात्र गाडीतळानं घडवलं, असं मी ठामपणे म्हणेन.

अंगावरची पाती झटका आणि रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडा. 1977 उजाडलंय, दादा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेत. पुढं आणखी तीनदा होतील. डब्यात जागा नाही. तुम्ही दाराशी धडप्यातलं गाठोडं मांडीवर घेऊन बसलात, अंगाला इंजिनाचा धूर आणि शेजाऱ्याच्या तंबाखूचा वास. सकाळी मुंबईची दमट हवा अंगाला चिकटते. मलबार हिलवर झाडांची गर्द सावली, गुळगुळीत रस्ता, आणि मुख्यमंत्र्यांच्या ‘वर्षा’ बंगल्यापाशी धोतर-फेट्यांची ही गर्दी! कुणाच्या हातात अर्ज, कुणाच्या पिशवीत मक्याची कणसं, कुणी आजारी बापाला पाठुंगळी घेऊन आलेला. कडक इस्त्रीतला अधिकारी यांच्यातून अंग चोरून वाट काढतो. एक म्हातारा त्यालाच थांबवून विचारतो, दादा उठलं का?

तुम्ही मागं रेंगाळू नका. इथं संकोचणारा संध्याकाळपर्यंत उभाच राहतो. कोपर मारा, पुढं सरका. आत चहाच्या कपांचा किणकिणाट, घामाचा उबारा, एकाच वेळी चार जण बोलतायत. पांढऱ्या टोपीखालचा तो रुंद, शांत चेहरा एकेकाचं ऐकून घेतोय, मान हलवतोय, चिठ्ठी पुढं सरकवतोय. तुमच्या पुढचा माणूस बाजूला झाला. दादांची नजर आता तुमच्यावर आहे.

बोला, काय काम काढलंत?