चेंबरचा नट आणि पार्ट्सचा भाव

गाडीच्या इंजिनाखाली एक बोल्ट असतो. गॅरेजात त्याला चेंबरचा नट म्हणतात, कंपनीच्या पुस्तकात ड्रेन प्लग. तो सोडला की जुने ऑईल बाहेर येते, एवढेच त्याचे काम. पण काही नटांच्या टोकाला छोटे लोहचुंबक बसवलेले असते, आणि मग तोच नट इंजिनाच्या पोटातली खबर घेऊन बाहेर येतो. आज या नटाचा आणि पार्ट्सच्या भावाचा इतिहास एकत्र सांगतो, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. गाडी माझी, तर तिच्या आत डोकावण्याचा हक्क कोणाचा?

इंजिन चालते तेव्हा लोखंडावर लोखंड घासते. मधे ऑईलचा पापुद्रा असला तरी थोडी झीज होतेच. मोठा कण फिल्टरच्या कागदात अडकतो, बारीक कण मात्र निसटून ऑईलबरोबर फिरत राहतो. चुंबक असा कण धरून ठेवते. नट काढल्यावर टोकावर राखाडी-काळी साय दिसली तर काळजी नको. नव्या इंजिनात ती थोडी जास्तच असते. पण बोटाला टोचेल असा तुकडा किंवा चकचकीत खवला दिसला, तर गाडी पुढे दामटू नये. एक मर्यादा लक्षात ठेवा. चुंबकाला फक्त लोखंड-पोलाद कळते. बेअरिंगचे तांबे, शिसे, ॲल्युमिनियम त्याच्या समोरून निघून जाते.

ही उणीव भरून काढली ती रेल्वेने. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेने डिझेल इंजिनांच्या वापरलेल्या ऑईलचे नमुने प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. कोणता धातू किती सापडला, त्यावरून कोणता भाग झिजतोय हे इंजिन न उघडता कळू लागले. पुढे १९५०च्या दशकात अमेरिकी नौदलाने हीच पद्धत विमानांच्या इंजिनांसाठी उचलली. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये तर चुंबकी प्लगला विजेची तार जोडलेली असते. धातूचा कण चिकटला की वैमानिकासमोर दिवा लागतो. हवेत असताना तो दिवा लागला की वाद घालत बसायचे नसते, उतरायला जागा शोधायची असते.

सैन्यात गाडीची देखभाल ही सवय म्हणून अंगात भिनवली जाते. आपली ईएमई, म्हणजे यंत्रे आणि वाहने दुरुस्त करणारी कोअर, १९४३ मध्ये उभी राहिली. पण दुरुस्तीची पहिली पायरी ईएमई नव्हे, ड्रायव्हर. जबलपुरात बनलेला शक्तिमान असो की जोंगा, मेंटेनन्स परेडला ड्रायव्हर स्वतः गाडीखाली जायचा. जड गाड्यांच्या गिअरबॉक्सला आणि डिफरन्शियलला चुंबकी प्लग बऱ्याचदा असे. तो पुसण्याआधी एकदा बघायचा, हा शिरस्ता. पार्टचा भाव किती, हे त्या जवानाला ठाऊक नसे. पार्ट का लागला, हे मात्र त्याला सांगता यायचे.

नागरी आयुष्यातही एके काळी असेच होते. अँबॅसडर आणि पद्मिनीच्या जमान्यात दिल्लीच्या काश्मिरी गेटला, पुण्याच्या नाना पेठेत, सिकंदराबादच्या राणीगंजला वाटेल तो पार्ट मिळे. माल अस्सल किती आणि नकली किती, हा वेगळा विषय, पण दोन दुकाने फिरून भाव विचारता येत असे. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती रस्त्यावर आली आणि त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत गाडी कंपनीच्या वर्कशॉपच्या काचेपलीकडे गेली. मालक सोफ्यावर, गाडी आत. शेवटी हातात बिल येते: ऑईल, फिल्टर, वॉशर, किरकोळ साहित्य. निघालेला नट कोणी दाखवत नाही.

जानेवारी २०११ मध्ये एका ग्राहकाने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. सुरुवातीला ती होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट या तीन कंपन्यांविरुद्ध होती. तपास वाढत वाढत सतरा कंपन्यांपर्यंत गेला. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा कंपन्यांना मिळून सुमारे २५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. टाटा मोटर्सच्या वाट्याला १३४६ कोटी आले, मारुतीच्या वाट्याला ४७१ कोटी. पण मला दंडापेक्षा तपासात उघड झालेला व्यवहार महत्त्वाचा वाटतो. पार्ट बनवणारा कारखाना बहुधा तिसराच असतो. कंपनीच्या खोक्यातला तोच पार्ट त्याने बाजारात थेट विकू नये, अशी बंधने घातलेली होती. बाहेरच्या मेकॅनिकला पार्ट आणि तपासणीची यंत्रे मिळत नव्हती. आणि पार्ट्सच्या किमतीवरची चढ आयोगाला १०० टक्क्यांपासून सुमारे ५००० टक्क्यांपर्यंत आढळली. छावणीच्या कँटीनमध्ये कोणी अशी चढ लावली असती, तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली असती.

कंपन्यांचे म्हणणे होते, नकली पार्टने अपघात होतील. हा मुद्दा पोकळ नाही. नकली ब्रेक पॅडने माणूस मरतो. पण त्यासाठी अस्सल पार्टच बाजारापासून लांब ठेवणे हा उपाय कसला? आयोगाने सांगितले की पार्ट खुल्या बाजारात मिळू द्या, भाव जाहीर करा, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका. बाहेरच्या कामामुळे जे बिघडले, तेवढ्यापुरती गोष्ट वेगळी. कंपन्या अपिलात आणि न्यायालयांत गेल्या, प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. २०२२च्या अखेरीस केंद्र सरकारने राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केले.

आता ज्यांना चुंबकी नट बसवायचा आहे त्यांच्यासाठी. माप आधी पाहा. टोयोटाच्या बऱ्याच इंजिनांना १२ मिलिमीटरचा नट असतो, सुझुकी आणि होंडाच्या बऱ्याच इंजिनांना १४ चा, आणि आट्यांचे अंतरही जुळावे लागते. चेंबर ॲल्युमिनियमचे असेल तर जोर लावू नका, आटे गेले की स्वस्तातला नट महागात पडतो. चुंबक कोणते तेही विचारा. साधे निओडिमियम ८० अंशांच्या पुढे ताकद गमावू लागते आणि ऑईल १०० अंशांपर्यंत सहज तापते, म्हणून जास्त उष्णता सोसणारा प्रकार घ्या. वॉशर दर वेळी नवा. आणि वर्कशॉपला गाडी देतानाच जॉबकार्डावर लिहून घ्या: जुना फिल्टर आणि न पुसलेला नट मालकाला दाखवणे.