इंग्रजी वाक्यांची जोडणी : समानाधिकरण पद आणि विशेषणवाक्य

साकोली, प्रतिनिधी : ग्रामीण भागातील विद्यार्थी इंग्रजीत कच्चा असतो, हा समज पूर्णांशाने खरा नाही. दहावीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याला कर्ता, क्रियापद आणि काळ यांची बऱ्यापैकी ओळख झालेली असते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी विषय सुरू झाल्याने शब्दही त्याच्या कानांवरून गेलेले असतात. अडचण येते ती निबंध, पत्र किंवा नोकरीचा अर्ज लिहिताना. चूक होईल या धास्तीने तो चार-पाच शब्दांची सुटी वाक्ये लिहीत जातो. प्रत्येक वाक्य शुद्ध असते, परंतु त्यांचा परिच्छेद होत नाही, यादी होते.

उदाहरणार्थ, आपल्या गावाविषयी लिहिताना पुढील वाक्ये सहज लिहिली जातात : 'साकोली इज अ टाऊन. इट इज इन भंडारा डिस्ट्रिक्ट. इट इज ऑन अ हायवे. द हायवे गोज टू रायपूर.' यात व्याकरणाची एकही चूक नाही. तरीही परीक्षक किंवा अर्ज वाचणारा अधिकारी यावरून लिहिणाऱ्याची पारख करतो आणि ती फारशी अनुकूल नसते. हाच मजकूर एका वाक्यात असा येतो : 'साकोली, अ टाऊन इन भंडारा डिस्ट्रिक्ट, इज ऑन द हायवे दॅट गोज टू रायपूर.' येथे दोन साधने वापरली आहेत. 'अ टाऊन इन भंडारा डिस्ट्रिक्ट' हे समानाधिकरण पद आहे, तर 'दॅट गोज टू रायपूर' हे विशेषणवाक्य. शालेय पुस्तकांत यांना अनुक्रमे 'अपोझिशन' आणि 'अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज' म्हणतात.

ही साधने मराठी विद्यार्थ्याला परकी नाहीत. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली, तर मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून चालत आलेल्या व्याकरणाच्या शिक्षणात मिश्र वाक्य, प्रधान वाक्य आणि गौण वाक्य या संकल्पना मराठीच्या तासालाच शिकवल्या जातात. मराठीत पक्के असलेले हे ज्ञान इंग्रजीत वापरताना क्रम कोठे बदलतो, एवढेच नेमके समजून घ्यायचे आहे.

समानाधिकरण पद

एखाद्या नामाला लागूनच, त्याच व्यक्तीचा किंवा वस्तूचा दुसऱ्या शब्दांत परिचय करून देणारे नाम म्हणजे समानाधिकरण पद. 'झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर' असे आपण लिहितो, तेव्हा 'अभ्यासक' आणि 'बोरकर' ही एकाच व्यक्तीची दोन नावे असतात. मराठीत परिचय बहुधा आधी येतो आणि नाव नंतर. इंग्रजीत परिचय नावानंतरही येतो आणि लेखनात ती रचना फार उपयोगी पडते.

कृती सोपी आहे. दोन वाक्यांपैकी एक 'अमुक इज तमुक' या साच्याचे असेल, तर त्यातील कर्ता आणि 'इज' गाळावे. उरलेला भाग दुसऱ्या वाक्यातील नावानंतर दोन स्वल्पविरामांच्या मध्ये ठेवावा. 'मारुती चितमपल्ली वॉज अ फॉरेस्ट ऑफिसर' आणि 'मारुती चितमपल्ली रोट अबाऊट नवेगावबांध' ही दोन वाक्ये घ्या. त्यांचे एक वाक्य होईल : 'मारुती चितमपल्ली, अ फॉरेस्ट ऑफिसर, रोट अबाऊट नवेगावबांध.'

येथे दोन गोष्टी जपाव्यात. पहिली, स्वल्पविराम दोन्ही बाजूंनी हवा. सुरुवातीचा देऊन शेवटचा विसरणे ही सर्वांत अधिक आढळणारी चूक आहे. पद वाक्याच्या अखेरीस आले तरच दुसऱ्या स्वल्पविरामाची जागा पूर्णविराम घेतो. दुसरी, क्रियापद मूळ कर्त्याप्रमाणे चालते, मध्ये आलेल्या पदाप्रमाणे नाही. 'द टँक्स, द प्राइड ऑफ द डिस्ट्रिक्ट, आर शॅलो नाऊ' या वाक्यात 'प्राइड' एकवचनी असले तरी 'आर' हेच योग्य, कारण उथळ झालेत ते तलाव.

विशेषणवाक्य

नामाविषयी अधिक माहिती देणारे, स्वतःचे क्रियापद असलेले गौण वाक्य म्हणजे विशेषणवाक्य. इंग्रजीत ते 'हू', 'हूम', 'हूज', 'विच', 'दॅट', 'व्हेअर' अशा शब्दांनी सुरू होते. माणसांसाठी 'हू', वस्तू व प्राण्यांसाठी 'विच', मालकी किंवा नाते दाखवण्यासाठी 'हूज', स्थळासाठी 'व्हेअर' अशी ढोबळ वाटणी लक्षात ठेवावी. 'ज्याचा, जिचा, ज्यांचे' या सर्वांसाठी इंग्रजीत एकच 'हूज' आहे आणि त्यानंतर 'द' येत नाही : 'द स्टुडंट हूज फादर वर्क्स इन अ राइस मिल स्टूड फर्स्ट.'

मराठीत 'जो-तो' ही जोडी चालते. 'जे पुस्तक मी घेतले, ते हरवले' हे उत्तम मराठी वाक्य आहे. त्याचे शब्दशः रूपांतर करून विद्यार्थी लिहितो : 'विच बुक आय बॉट, दॅट इज लॉस्ट.' हे इंग्रजी नव्हे. इंग्रजीत 'ते'ला जागा नाही आणि गौण वाक्य नामाच्या मागोमाग येते : 'द बुक विच आय बॉट इज लॉस्ट.' अशीच दुसरी चूक म्हणजे सर्वनामाची पुनरुक्ती. 'द बुक विच आय बॉट इट' यातील 'इट' अनावश्यक आहे, कारण त्याचे काम 'विच'ने आधीच केलेले असते.

मराठीची आणखी एक लकब आहे. 'नागपूरहून आलेला माणूस', 'तलावात साठणारे पाणी' अशी धातुसाधित विशेषणे आपण नामाच्या आधी ठेवतो. इंग्रजीत त्यांचे विशेषणवाक्य होते आणि ते नामाच्या पलीकडे जाते : 'द मॅन हू केम फ्रॉम नागपूर', 'द वॉटर दॅट कलेक्ट्स इन द टँक'. मराठीत नामाच्या अलीकडे असलेला असा मजकूर इंग्रजीत नामाच्या पलीकडे न्यावा, हे सूत्र ध्यानात ठेवल्यास निम्म्या चुका टळतात.

विशेषणवाक्य आपल्या नामापासून दूर गेले की अर्थाचा घोळ होतो. 'द फार्मर सॉ अ टायगर इन द फील्ड विच वॉज लिम्पिंग' या वाक्यात लंगडते ते शेत! 'इन द फील्ड द फार्मर सॉ अ टायगर विच वॉज लिम्पिंग' असे लिहिले की लंगडणारा वाघच राहतो.

स्वल्पविरामाने बदलणारा अर्थ

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग स्वल्पविरामाचा आहे आणि नेमका तोच घाईने उरकला जातो. धानाचे पीक बुडाल्यानंतर निघालेल्या एखाद्या सूचनेत पुढील वाक्य आहे, असे समजू : 'द फार्मर्स हू लॉस्ट देअर पॅडी विल गेट कॉम्पेन्सेशन.' याचा अर्थ, ज्या शेतकऱ्यांचे धान गेले, त्यांनाच भरपाई मिळेल. आता दोन स्वल्पविराम घाला : 'द फार्मर्स, हू लॉस्ट देअर पॅडी, विल गेट कॉम्पेन्सेशन.' आता अर्थ असा की, ज्यांच्याविषयी बोलणे चालले आहे त्या सर्वच शेतकऱ्यांचे धान गेले आणि सर्वांनाच भरपाई मिळेल. शब्द तेच, क्रम तोच. तरी लाभार्थींची यादी वेगळी.

पहिल्या प्रकारचे विशेषणवाक्य निवड करते, दुसऱ्या प्रकारचे केवळ जादा माहिती देते. मराठीत 'ज्या-त्या' ही जोडी आली की निवड झाल्याचे कानाला कळते. इंग्रजीत ते काम स्वल्पविराम न देण्याने होते. ओळखण्याची कसोटी अशी : विशेषणवाक्यावर बोट ठेवून ते झाकावे. कोणाविषयी बोलणे चालले आहे हे तरीही कळत असेल तर स्वल्पविराम द्यावेत, कळत नसेल तर देऊ नयेत. विशेषनाम स्वतःच पुरेसे निश्चित असल्याने त्याच्यानंतर येणाऱ्या विशेषणवाक्याला बहुतेक वेळा स्वल्पविराम लागतात : 'गोंदिया, विच वॉज पार्ट ऑफ भंडारा डिस्ट्रिक्ट टिल १९९९, इज नाऊ अ सेपरेट डिस्ट्रिक्ट.' अशा ठिकाणी 'विच'ऐवजी 'दॅट' चालत नाही. 'दॅट' निवड करणाऱ्या वाक्यातच वापरावे.

समानाधिकरण पदालाही हाच न्याय लागू आहे. 'माय ब्रदर रमेश' असे स्वल्पविरामाविना लिहिले, तर लिहिणाऱ्याला आणखीही भाऊ असावेत आणि त्यांपैकी रमेशविषयी तो सांगतो आहे, असा बोध होतो. 'माय ब्रदर, रमेश,' असे लिहिल्यास एकच भाऊ आहे, असे समजते.

कोणते साधन केव्हा?

विशेषणवाक्यात 'हू इज', 'हू वॉज' किंवा 'विच इज' यांच्यानंतर नुसते नाम येत असेल, तर ते शब्द गाळून समानाधिकरण पद करता येते आणि वाक्य आटोपशीर होते. क्रियापद कृती दाखवणारे असेल तर मात्र विशेषणवाक्यच ठेवावे. तसेच दोन वाक्यांपैकी अधिक महत्त्वाचे कोणते, हे आधी ठरवावे. महत्त्वाचा मजकूर प्रधान वाक्यात यावा आणि दुय्यम मजकूर गौण भागात. अर्ज लिहिणाऱ्याने 'आय, हू हॅव पास्ड द टायपिंग एक्झाम, लिव्ह इन साकोली' असे लिहिले, तर पात्रता कोपऱ्यात जाते आणि पत्ता पुढे येतो.

मात्र प्रत्येक वाक्य जोडलेच पाहिजे असे नाही. एका वाक्यात तीन-तीन 'विच' आले की वाचणाऱ्याची दमछाक होते. दोन जोडलेल्या वाक्यांनंतर एक छोटे वाक्य आले तर ते उठून दिसते.

सरावासाठी

पुढील वाक्यांच्या जोड्या आधी स्वतः जोडाव्यात आणि मग उत्तरे पाहावीत.

१) 'द वैनगंगा राइजेस इन सिवनी डिस्ट्रिक्ट.' 'इट फ्लोज पास्ट भंडारा.'
२) 'नवेगाव-नागझिरा इज अ टायगर रिझर्व्ह.' 'इट वॉज नोटिफाइड इन २०१३.'
३) 'सम टँक्स हॅव ड्राइड अप.' 'दोज टँक्स मस्ट बी डीपन्ड.'
४) 'चितमपल्ली प्रिसायडेड ओव्हर द सोलापूर साहित्य संमेलन इन २००६.' 'ही हॅड वर्क्ड इन द फॉरेस्ट्स ऑफ विदर्भ.'

उत्तरे : १) 'द वैनगंगा, विच राइजेस इन सिवनी डिस्ट्रिक्ट, फ्लोज पास्ट भंडारा.' २) 'नवेगाव-नागझिरा, अ टायगर रिझर्व्ह, वॉज नोटिफाइड इन २०१३.' ३) 'द टँक्स दॅट हॅव ड्राइड अप मस्ट बी डीपन्ड.' येथे स्वल्पविराम दिल्यास सर्वच तलाव आटल्याचा अर्थ निघेल. ४) 'चितमपल्ली, हू हॅड वर्क्ड इन द फॉरेस्ट्स ऑफ विदर्भ, प्रिसायडेड ओव्हर द सोलापूर साहित्य संमेलन इन २००६.'

रोज इंग्रजी वृत्तपत्रातील एका बातमीतील अशी पदे आणि विशेषणवाक्ये अधोरेखित करावीत, ती सोडवून सुटी वाक्ये लिहावीत आणि दुसऱ्या दिवशी मूळ बातमी न पाहता ती पुन्हा जोडावीत. शेवटी आपले वाक्य मूळ वाक्याशी ताडून पाहावे. स्वल्पविराम कोठे राहिला, हे त्यातूनच उमगते. या सरावाला शिकवणी लागत नाही. एक वही आणि रोजची पंधरा मिनिटे पुरतात.