कोलारचे सोने आणि लंडनचे भाव

लंडन शहरात बँक ऑफ इंग्लंडच्या शेजारी रॉयल एक्सचेंज ही व्यापाऱ्यांची जुनी वास्तू आहे. १८४४ साली ती नव्याने उभी राहिली, तेव्हा तिच्या दर्शनी शिल्पपटावर बायबलातील एक वचन कोरण्यात आले. पृथ्वी आणि तिच्यावरील सारी समृद्धी परमेश्वराची आहे, असा त्याचा आशय. तेथून हाकेच्या अंतरावर शेअरबाजार होता. ते वचन डोक्यावर असलेल्या रस्त्याने जाऊन माणसे तेथे पृथ्वीच्या पोटातील, कोणी अद्याप न पाहिलेल्या धनाची खरेदी-विक्री करीत. त्या व्यवहारांतील एक प्रकरण बंगळूरशी निगडित आहे. श्रद्धा आणि सट्टा यांचा संबंध तपासण्यास ते फार उपयोगी पडते.

बंगळूरच्या छावणी भागात लॅव्हेल रोड नावाचा रस्ता आहे. मायकेल लॅव्हेल हा आयरिश सैनिक न्यूझीलंडमधील लढाया आटोपून येथे स्थायिक झाला होता. कोलारकडील मातीत सोने असल्याची नोंद जॉन वॉरन या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी करून ठेवली होती. ती वाचून लॅव्हेल त्या बाजूला गेला आणि १८७५ साली त्याने म्हैसूर सरकारकडून खोदकामाचा परवाना मिळविला. एकट्याचे भांडवल अपुरे पडले, तेव्हा हक्क इतरांकडे गेले आणि प्रकरण लंडनच्या बाजारात पोहोचले.

लंडनमध्ये त्या वेळी हिंदुस्थानातील सोन्याचे वेड पसरले होते. ब्रो स्मिथ या ऑस्ट्रेलियातून आलेल्या तज्ज्ञाने १८७९ साली वायनाडच्या सोन्याविषयी आशादायक अहवाल दिला. पुढील दोन वर्षांत चाळीसएक कंपन्या निघाल्या. त्यांचे कागदोपत्री भांडवल सुमारे ५० लक्ष पौंड होते. कॉफीचे मळे सुवर्णभूमी म्हणून विकले गेले. भांडवलाचा मोठा वाटा जमिनीच्या किमतीत आणि प्रवर्तकांच्या खिशात गेला. दगड दळून पाहिला, तेव्हा खर्च भागण्याइतकेही सोने निघेना. अल्पावधीतच बहुतेक कंपन्या बुडाल्या.

कोलारची म्हैसूर कंपनीही याच लाटेत, १८८० साली जन्मली. तिचेही पैसे सरत आले. पौंडाचा शेअर काही पेन्सांना मिळू लागला, आणि काम बंद करून उरलेली रक्कम वाटून घ्यावी असे भागीदार म्हणू लागले. जॉन टेलर आणि त्यांचे खाण-अधिकारी प्लमर यांनी मात्र आणखी खोल जाण्याचा आग्रह धरला. १८८५ च्या सुमारास ‘चँपियन’ नावाची समृद्ध शीर हाती लागली. त्या क्षेत्रातून पुढील शतकभरात सुमारे ८०० टन सोने निघाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शेअर चढ्या भावाने विकला जात होता तेव्हा आणि तो पेन्सांवर आला तेव्हा, खडकातील सोने तेवढेच होते. भावाने एक गुंजही वाढविली नाही आणि एक गुंजही घटविली नाही.

हा अनुभव मुंबईने पंधरा वर्षे आधीच घेतला होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांसाठी मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. आलेला पैसा बँका आणि समुद्र हटविण्याच्या योजना यांच्या शेअरांत ओतला गेला. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले आणि १ जुलैला वायदे पुरे करण्याची वेळ आली, तेव्हा कोणापाशीच पैसे नव्हते. बँक ऑफ बाँबेचा शेअर २,८५० रुपयांवरून ८७ रुपयांवर कोसळला. कापूस खरा होता. त्यावर रचलेले भाव खरे नव्हते.

आता त्या कोरलेल्या वचनाकडे वळू. परमेश्वराने सृष्टी शून्यातून निर्माण केली, हा ख्रिस्ती धर्मशास्त्राचा पाया आहे. ग्रीक तत्त्ववेत्ते सामान्यतः मूळ द्रव्य अनादी मानीत. दुसऱ्या शतकापासून ख्रिस्ती आचार्यांनी ते मत नाकारले. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. शून्यातून काही उत्पन्न करणे हे केवळ ईश्वराचे सामर्थ्य आहे. मनुष्य दिलेल्या वस्तूला आकार देतो, इतकेच. आणि मनुष्य मालक नसून कारभारी आहे. त्याला हिशेब द्यावयाचा आहे. ही शिकवण धन गुंतविण्यास मना करीत नाही. धन्याने दिलेले रुपे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराला येशूच्या दृष्टांतात बोलच लागतो.

तेव्हा प्रश्न गुंतवणुकीचा नसून दाव्याचा आहे. भाव चढतो म्हणून आणखी चढेल, असे मानणारा मनुष्य नकळत निर्मात्याचे आसन मागत असतो. नुसत्या अपेक्षेतून धन उत्पन्न होते, असे तो समजतो. वायनाडचे शेअर घेणाऱ्यांत हे धर्मतत्त्व लहानपणी शिकलेले पुष्कळ होते. श्रद्धा ओठांवर असली म्हणजे हिशेबात उतरतेच असे नाही. उलट, मुंबईच्या तेजीचे अग्रणी प्रेमचंद रायचंद जैन होते. जैन दर्शन जगाचा कर्ता मानीत नाही. पण परिग्रहाला मर्यादा घालण्याचे व्रत सांगते. वाटा निराळ्या असल्या तरी लोभाला आवर घालण्याचे ठिकाण एकच आहे.

म्हैसूर सरकारचा व्यवहार या दृष्टीने बोधप्रद आहे. सरकार स्वामित्वशुल्क घेई ते निघालेल्या सोन्यावर. लंडनमधील भावावर नव्हे. १९०२ साली शिवसमुद्रमच्या धबधब्याची वीज खाणींपर्यंत पोहोचली. मजूर जवळजवळ तीन किलोमीटर खोल उतरले, आणि खडक फुटून कित्येकांनी प्राण गमावले. सोन्याची खरी किंमत तेथे चुकविली जात होती. सोने विरळ होत गेले, खर्च वाढला आणि २००१ साली खाणी बंद झाल्या. मागे राहिले दळलेल्या दगडाच्या राखाडी मातीचे डोंगर आणि काम गेलेली कुटुंबे. कारभाऱ्याच्या हिशेबात तीही धरावी लागतात.

आज बंगळूरात नव्या कंपन्यांचे शेअर त्यांच्या मिळकतीच्या कितीतरी पटींनी विकले जातात. त्यांतील एखादी कोलार ठरेल, पुष्कळशा वायनाड ठरतील. कोणती कोण, हे भाव सांगू शकत नाही. म्हाताऱ्या आईबापांची पुंजी किंवा मुलीच्या शिक्षणाचा पैसा तेथे ठेवणाऱ्याने एवढेच विचारावे, की या किमतीच्या खाली निर्माण झालेले असे काय आहे, आणि ते किती आहे? उत्तर मिळाले नाही, तर त्या दिवशी पैसा घरी परत आणावा. त्यात कमीपणा नाही.